तुम्ही विचारलंत म्हणून: चालू वायरिंग का उखडलं?

"बेळगावात समुद्र कुठाय, आणि तू बोटीचं वायरिंग करतोस?" हे हसण्यावारी नेता येतं. म्हादई आमच्या खानापूर तालुक्यातच उगम पावते आणि पणजीला मांडवी होते. पाणी जातं, मी चोर्ला घाटातून जातो. उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर पुढचं विचारतात ते टोचतं: मावसभावाच्या शिडाच्या बोटीचं इंजिन चांगलं चालत होतं की, मग सगळं वायरिंग उखडून नवीन कशाला घातलंस? घरच्या माणसाकडूनपण पैसे काढलेस?

मजुरी घेतली नाही. वायरीचे घेतले.

त्याच्या वर्षभर आधी ते वायरिंग मीच 'दुरुस्त' केलं होतं, हे टपरीवर कुणाला ठाऊक नाही. बॅटरी चार्ज होईना म्हणून दादानं, म्हणजे या मावसभावानं, बोलावलं. इंजिन आणि कॉकपिटमधलं पॅनेल यांच्यामधल्या प्लगच्या पिना कळंकानं हिरव्या झालेल्या. मी प्लग कापला, वायरी पिळल्या, सोल्डर मारलं, टेप गुंडाळली. ट्रकला वर्षानुवर्षं हेच करतोय. तेव्हाचा मी म्हणायचा, बारा व्होल्ट ते बारा व्होल्ट, जमिनीवर काय नि पाण्यावर काय. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो त्या अल्टरनेटरचा सगळा करंट पॅनेलवरच्या अमीटरपर्यंत, म्हणजे करंट दाखवणाऱ्या काट्यापर्यंत, जाऊन परत बॅटरीकडे यायचा, वाटेत फ्यूज एकही नाही. मला ते दिसलं होतं. काटा छान हलत होता, म्हणून राहू दिलं.

डिसेंबरची संध्याकाळ. आग्वादच्या पुढून परत येताना वारा पडला, दादानं शीड उतरवून इंजिन लावलं. दिवसभर फ्रीज चालून बॅटऱ्या उतरलेल्या, त्यामुळे अल्टरनेटर पूर्ण जोरात. आधी वास आला. जळक्या वायरीचा वास मला झोपेतही कळतो, तरी मी मागून येणाऱ्या बार्जकडे बघितलं. वास त्यांचाच असणार, माझ्या कामाचा कसा असेल! मग वहिनी ओरडली, "पॅनेलमधनं धूर येऊलाय की!"

माझा हात मास्टर स्विचवर गेला. इंजिन चालू असताना बॅटरी तोडू नका, अल्टरनेटरमधले डायोड जातात, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. मीच तोडली. डायोड गेले. दादानं इंजिन बंद करायची केबल ओढली आणि नांगर टाकला. पॅनेल उघडलं तर माझं सोल्डर वितळून ओघळलेलं, शेजारच्या दोन वायरी भाजलेल्या. हाताच्या अंतरावर डिझेलची टाकी. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच, "आता काय करूलास?"

म्हणून उखडलं. अमीटर गेला, व्होल्टमीटर आला. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीकडे नेली, बॅटरीजवळ फ्यूज घातला. वायर कल्हई केलेल्या तांब्याची, टोकाचे लग दाबून पंच केलेले. गाडीला बॉडी अर्थ मिळते; फायबरच्या बोटीत प्रत्येक निगेटिव्ह वायरीनं परत आणावा लागतो, म्हणून लांबी मोजायची ती जाऊन-येऊन. चावी फिरवल्यावर कधीकधी नुसतं 'टक्' व्हायचं, तेही यातलंच. लांब, बारीक वायरीत व्होल्ट गळायचे, स्टार्टर ओढायचा नाही. इंजिनाजवळ रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा स्विच, लावल्यावर ते थांबलं.

सोल्डर वाईट नव्हे, असं मी अजून म्हणतो. ट्रकला आजही मारतो. मग तिथं का गेलं? खारी हवा, इंजिनाची थरथर, की गोव्याला आलोय म्हणून लवकर उरकलेलं काम? घाटातून परत येताना खारी हवा वाटते. रात्री दुसरंच वाटतं.

डोलकाठीच्या आतली दिव्याची वायर मात्र जुनीच आहे. ती ओढायला डोलकाठी उतरवावी लागते, क्रेन लागते, दादा म्हणाला पुढच्या वर्षी. तिला फ्यूज घातलाय. हे टपरीवर अजून कुणी विचारलेलं नाही.