सगळीकडं भंडारा

आजींना सौंदत्तीला न्यायचं ठरलं होतं. गाडी दारात उभी, तेवढ्यात त्या परसात कोसळल्या, म्हणून आधी खानापूरला माझ्या दवाखान्यात आणलं.

"चार दिवस झाले, पांढरी भिंत बघून म्हणत्यात, भंडारा उधळलाय. रात्री मेलेल्या नणंदेशी बोलत बसत्यात," सून म्हणाली. मुलगा हळूच म्हणाला, "यल्लम्मा बोलवायलीय. नाहीतर डोक्याच्या डॉक्टरला दाखवू."

मी मनगट धरलं. वय 74. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची फडफड जुनी, त्यामुळं नाडी कायम वेडीवाकडी: दोन ठोके लगोलग, मग एक रेंगाळून. आज ती घड्याळासारखी नेमानं चाललेली. मिनिटाला 40. माझ्याच पोटात गोळा आला. ईसीजीत फडफड तशीच होती, पण खालचे कप्पे तिचं काही ऐकत नव्हते, आपल्याच संथ चालीनं ठोके देत होते.

डिगॉक्सिन. ठोके आवरायला मीच दिलेली गोळी, डिजिटॅलिसच्या झाडापासून काढलेली. त्या झाडानं वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, हे विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं 1785 सालीच लिहून ठेवलंय. परीक्षेपुरतं मीही पाठ केलं होतं. भंडारा म्हटल्यावर चटकन ओळखायला नको?

गोळ्यांची पिशवी उलटी केली. माझ्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात '5/7', म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज एक.

"पाचला एक, सातला एक," सून म्हणाली. "पहाटे आणि सांजला. एक दिवस चुकवलं नाही, डॉक्टर."

तिला काय बोलणार! पायाची सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी मीच वाढवली होती. त्यानं रक्तातलं पोटॅशियम 3 पर्यंत घसरलेलं, आणि ते घटलं की हे औषध हृदयाला जास्तच बाधतं. औषध शरीराबाहेर टाकणारी मूत्रपिंडं थकलेली, रक्तातलं क्रिएटिनिन 2.1 पर्यंत चढलेलं. दहा दिवसांपूर्वी "अन्न जात नाही, मळमळतंय" असा फोन आला, तेव्हा मी पित्ताची गोळी सांगून मोकळा झालो होतो. विषबाधेची सुरुवात तीच होती.

बेळगावला आयसीयूत हलवलं. रक्तात डिगॉक्सिन मिलीलीटरमागे 4.1 नॅनोग्रॅम निघालं. 2 च्या वर धोकाच. गोळी बंद, मॉनिटर लावून जपून पोटॅशियम, आणि वाट बघणं. सहाव्या दिवशी नाडी पुन्हा वेडीवाकडी झाली आणि मला हायसं वाटलं.

मुलगा दरम्यान सौंदत्तीला जाऊन आला होता. त्यानं पुडीतला भंडारा आजींच्या कपाळाला लावला. बोटाला लागलेला त्यांनी पांढऱ्या चादरीला पुसला आणि त्या डागाकडं बघत राहिल्या.

"आता एवढाच पिवळा हाय," म्हणाल्या.