परत केलेला ब्लॉक

आमचं गाव राधानगरी तालुक्यात, दाजीपूरच्या जंगलाला लागून. आजोबांच्या उसात गवे शिरायचे. मग वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, भरपाईची वाट बघणं. आजोबा म्हणायचे, "गवा सरकारचा आणि ऊस माझा." टांझानियात सेलूस नावाच्या राखीव जंगलाच्या हद्दीबाहेरच्या एका गावात हेच वाक्य मी स्वाहिलीत ऐकलं. तिथं उसाच्या जागी मका होता आणि गव्याच्या जागी हत्ती.

2013 ते 2018 मी टांझानियातल्या आरुशा शहरात एका शिकार-सफारी कंपनीत हिशेब बघायचो. आधीच सांगतो, हौसेसाठी प्राणी मारणं मला कधी पटलं नाही. आमच्या घरात पंढरीची वारी आहे, आजी माळकरी होती. नोकरी मिळाली म्हणून गेलो. पण पाच वर्षं तिथले आकडे लिहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली. शिकारीला विरोध करणारे आणि तिची बाजू घेणारे, दोघेही बंदुकीबद्दल भांडतात. जंगलाचं बरंचसं भवितव्य मात्र फीच्या पावतीवर ठरतं.

तिथली पद्धत अशी. शिकारीचं जंगल ब्लॉकमध्ये वाटलेलं असतं आणि कंपनी सरकारकडून ब्लॉक घेते. पहिल्या वर्गाच्या ब्लॉकची फी तेव्हा वर्षाला 60,000 डॉलर होती. त्यावर कंपनीचा परवाना, क्लायंटचं परमिट, दिवसागणिक संवर्धन फी आणि प्रत्येक प्राण्याची वेगळी ट्रॉफी फी, म्हणजे तो मारण्याचे पैसे. प्राणी नुसता जखमी होऊन निसटला तरी पूर्ण फी द्यावी लागते, आणि हा नियम मला योग्यच वाटतो. त्यामुळे शिकारी घाईनं गोळी झाडत नाही. सरकारचा गेम स्काउट, म्हणजे वनरक्षक, गाडीतच असतो. परमिटवर नोंद तो करतो आणि तोच कागद आठवड्या-दोन आठवड्यांनी माझ्या टेबलावर यायचा, कधी मातीचे, कधी रक्ताचे डाग घेऊन.

आणखी एक नियम होता. दर वर्षी ब्लॉकला प्राण्यांचा कोटा मिळायचा. त्याच्या एकूण किमतीच्या किमान 40 टक्के रक्कम कंपनीनं भरायचीच, शिकार झालेली असो वा नसो. ब्लॉक अडवून कुणी नुसतं बसू नये हा त्यामागचा हेतू, तो समजतो. पण ज्या वर्षी क्लायंट कमी त्या वर्षी न मारलेल्या प्राण्यांचेही पैसे भरायचे. आमच्या मुख्य शिकारी मार्गदर्शकानं एकदा मला विचारलं होतं, "पैसे भरलेलेच आहेत, मग तो म्हातारा रानरेडा सोडून का द्यायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं तो रेडा सोडला, ही त्याची माणुसकी. नियम त्याला उलट्या दिशेला ढकलत होता.

एप्रिल 2014 मध्ये अमेरिकेनं टांझानियातून हत्तीची ट्रॉफी, म्हणजे मारलेल्या हत्तीचे सुळे वगैरे, देशात आणणं थांबवलं. आमचे बहुतेक क्लायंट अमेरिकन. आमच्याकडच्या पहिल्या वर्गाच्या ब्लॉकमध्ये हंगामाला पाच जण यायचे, त्यांतले दोन गळाले. ब्लॉकची फी पाचांवर वाटली तर माणशी 12,000 डॉलर आणि तिघांवर वाटली तर 20,000. जंगल तेवढंच, रस्ते तेवढेच, स्काउट तेवढेच. मी तो तक्ता मालकांपुढे ठेवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग आली 1 जुलै 2016. टांझानियाचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि शिकारीचा हंगामही त्याच दिवशी उघडतो. त्या दिवसापासून पर्यटन सेवांवरची सूट गेली आणि 18 टक्के व्हॅट लागू झाला. आमच्या बिलात चार्टर विमान होतं, जमिनीवरच्या गाड्या होत्या. क्लायंटशी करार मात्र वर्ष-दीड वर्ष आधी ठरलेल्या किमतीवर झालेले, आगाऊ रकमा घेऊन झालेल्या. वाढीव रक्कम मागायला मी फोन केले. एका गृहस्थांनी लगेच दिली. बाकीच्यांनी करारावर बोट ठेवलं आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तर हा पैसा कुठून काढायचा? मी सगळी खाती उलटसुलट केली. सरकारी फी कापता येत नाही. क्लायंटचा तंबू, जेवण, विमान यांना हात लावता येत नाही. कापता येतं ते गस्तीचं डिझेल आणि गस्तीवरच्या माणसांचा पगार. आमच्या कंपनीचं चोरट्या शिकारीविरुद्धचं एक पथक होतं. त्या वर्षी पथकाच्या दोन गाड्यांची एक झाली. ती नोंद मी माझ्या हातानं केली आहे आणि अजून ती मला खुपते.

त्या पथकातला म्हातारा मागकाढ्या मला 'काका' म्हणायचा. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. (आणि दादा म्हणजे बहीण. पहिला महिनाभर माझा गोंधळ उडायचा.) चोरट्यांनी जनावरांसाठी फासे कुठं लावलेत हे त्याला गवत बघून कळायचं. एका दुपारी कॅम्पवर त्यानं तारेचे फासे माझ्यासमोर ओतले आणि मला मोजायला लावले, कारण मी मोजणारा माणूस. त्याचं म्हणणं होतं, हे वहीत लिही. मी लिहिले, पण फाशांना माझ्या वहीत रकाना नव्हता.

सेलूसचा जुना इतिहास मला त्यानंच पहिल्यांदा सांगितला, नंतर मी वाचून काढला. 1994 पासून साधारण दहा वर्षं तिथल्या कमाईचा निम्मा भाग तिथंच राहायचा. त्यातून रस्ते दुरुस्त व्हायचे, चौक्या चालायच्या, पगार व्हायचे. त्या कमाईत सर्वात मोठा वाटा शिकारीच्या फीचा होता. पुढं ही व्यवस्था ढासळली आणि पैसा मध्यवर्ती तिजोरीकडे वळला. 2009 च्या सुमाराला त्या प्रदेशात 39,000 च्या आसपास हत्ती मोजले होते, 2013 च्या गणनेत उरले 13,000. हस्तिदंताचा बाजार तापला होता हे खरं आणि दोष एकट्या तिजोरीचा नाही. पण चोर आले तेव्हा पहारेकऱ्याची गाडी बंद पडलेली होती, हेही तेवढंच खरं. 2014 मध्ये युनेस्कोनं सेलूसचं नाव धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकलं. त्या सगळ्या काळात शिकारी फी भरतच होते.

म्हणून फी किती यावर मी फारसा वाद घालत नाही. शिकारीला येणारा माणूस श्रीमंत असतो, त्यानं भरावी. माझा प्रश्न ती कुठं जाते हा आहे. नामिबियानं 1996 मध्ये कायदा बदलला आणि गावकऱ्यांच्या कॉन्झर्व्हन्सींना, म्हणजे जंगल-जनावरं राखणाऱ्या गावसंस्थांना, शिकार कंपनीशी थेट करार करायचा हक्क दिला. पैसा त्यांच्या खात्यात येतो आणि राखणदार ते स्वतः नेमतात. टांझानियात गावकऱ्यांच्या वाट्याला जिल्हा कौन्सिलच्या मार्गानं काही यायचं. मक्याचं शेत गमावलेल्या त्या माणसाला मी विचारलं तेव्हा असा काही वाटा असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला मिळायचं ते मांस, शिकारीनंतर गावात वाटलेलं. रेड्याच्या मांसावर तो खूश होता. पण त्यानं हत्तीला सोसावं असं त्यात काही नव्हतं.

2018 च्या सुरुवातीला मालकांनी ब्लॉक परत केला. आमच्यासारखे इतरही होते, देशभर ब्लॉक परत जात होते. आदल्या ऑक्टोबरातच मंत्र्यांनी यापुढं ब्लॉक लिलावानं देणार असं जाहीर केलं होतं, त्यामुळे कुणी पुढचं पाच वर्षांचं गणित मांडायलाही तयार नव्हतं. यादीवर सह्या करायला मला पाठवलं. तंबू, जनरेटर, पाण्याचा पंप, वायरलेस, सगळं ट्रकवर चढलं. विमानाच्या धावपट्टीवरचं गवत त्या वर्षी कापलेलं नव्हतं.

म्हातारा शेवटपर्यंत सामान चढवायला मदत करत होता. फाशांनी भरलेलं पोतं त्यानं माझ्याकडे दिलं आणि विचारलं, "काका, हे कोणाकडे जमा करायचं?" यादीत त्यासाठी ओळ नव्हती. मी खाली पेनानं एक ओळ वाढवली, 'तारेचे फासे, एक पोतं', आणि पुढं त्याची सही घेतली.