समितीचा अहवाल हातात आला की चौथा अध्याय आधी उघडा

लोकलेखा समितीने अमुक खात्यावर ताशेरे ओढले, सचिवांना धारेवर धरलं, अशा बातम्या येतात आणि दुसऱ्या दिवशी विरून जातात. पण समितीला दंड करता येत नाही, पैसे वसूल करता येत नाहीत, योजना थांबवता येत नाही. तिच्या हातात फक्त शिफारस असते. त्या शिफारशीचं पुढे काय झालं, हे कळायला तिचा दुसरा अहवाल वाचावा लागतो. त्याला कार्यवाही अहवाल म्हणतात. तो फार थोडे लोक वाचतात, म्हणून ही पोस्ट.

संसदेत सरकारी पैशावर नजर ठेवणाऱ्या मुख्य समित्या तीन, त्यांना आर्थिक समित्या म्हणतात. लोकलेखा समिती सर्वात जुनी, १९२१ पासूनची. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे तिचे २२ सदस्य; मंत्र्याला सदस्य होता येत नाही आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. अंदाज समिती १९५० ची, ३० सदस्यांची, सगळे लोकसभेचे. सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ मध्ये आली. तिचेही आज २२ सदस्य. महाराष्ट्र विधिमंडळात याच नावांच्या समित्या आहेत, शिवाय जिल्हा परिषदांचा हिशेब पाहणारी पंचायत राज समिती आहे. विभागवार स्थायी समित्या वेगळ्या. त्या १९९३ मध्ये सुरू झाल्या आणि मुख्यतः अनुदानाच्या मागण्या (खात्यांनी सभागृहाकडे मागितलेला खर्चाचा पैसा), विधेयकं आणि खात्यांचे वार्षिक अहवाल तपासतात.

आता कार्यवाही अहवाल. समितीने मूळ अहवाल सादर केला की सरकारने सहा महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर उत्तर द्यायचं असतं. ती उत्तरं समिती पुन्हा तपासते आणि त्यांची वाटणी करते. पहिल्या अध्यायात समितीचं स्वतःचं भाष्य. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात ज्यांवरचं उत्तर समितीला पटलेलं नाही आणि ज्या ती पुन्हा मांडते आहे अशा. पाचव्यात ज्यांवर सरकारने फक्त अंतरिम उत्तर दिलंय अशा.

खरा वाद चौथ्या अध्यायात सापडतो, आणि वेळ कुठे काढला जातोय ते पाचव्यात. पण दुसऱ्या अध्यायावरही विसंबू नका. परिशिष्टात टक्केवारीचा तक्ता असतो, त्यात मान्य झालेल्या शिफारशींचा आकडा मोठा दिसला तरी आत जाऊन उत्तराची भाषा पाहायला हवी. नेहमीचं उत्तर असं असतं: "शिफारशीची नोंद घेण्यात आली असून संबंधितांना आवश्यक त्या सूचना देण्यात आल्या आहेत." हे वाक्य तपासा. संबंधित कोण? सूचना परिपत्रकाने दिल्या की तोंडी? परिपत्रक असेल तर क्रमांक आणि तारीख कुठे आहे? मुळात शिफारस काय होती? ती जबाबदारी निश्चित करून वसुली करा अशी असेल, तर सूचना देणं हे तिचं उत्तरच नव्हे. तरीही ती दुसऱ्या अध्यायात जाऊन बसू शकते. शिफारस आणि उत्तर शेजारी ठेवून, शिफारशीतलं क्रियापद उत्तरात आलंय का, एवढंच पाहिलं तरी निम्मं चित्र स्पष्ट होतं.

समितीसमोर येणाऱ्या विषयाची सुरुवात फार खाली होते. महालेखापालांचं, म्हणजे सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या यंत्रणेचं, पथक कार्यालयात येतं, नस्त्या (फायली) आणि रोखवही पाहतं आणि शंका असेल तिथे अर्धसमास पत्र देतं: कागदाच्या अर्ध्या भागात प्रश्न, उरलेल्या अर्ध्यात कार्यालयाने उत्तर लिहायचं. पटण्यासारखं उत्तर आणि सोबत कागद मिळाले तर आक्षेप तिथेच मिटतो. नाही मिळाले तर तो निरीक्षण अहवालात जातो. मोठा असेल तर प्रारूप परिच्छेद (अहवालातल्या परिच्छेदाचा मसुदा) बनून सचिवांकडे जातो, आणि तिथूनही समाधान झालं नाही तर कॅगच्या, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, अहवालात छापला जातो. संविधानाच्या कलम १५१ प्रमाणे केंद्राचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि राज्याचा राज्यपालांकडे जातो व सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो. समितीचं काम त्यानंतर सुरू होतं. छापलेल्या सगळ्या परिच्छेदांची साक्ष होत नाही. समिती काही निवडते, बाकीच्यांवर खात्यांनी लेखी ज्ञापन द्यायचं असतं.

ही साखळी जिथे सर्वात जास्त लांबते तिथेच माणूस सुटतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम २७ पाहा. अधिकारी निवृत्त होण्याआधी विभागीय चौकशी सुरू झाली नसेल, तर निवृत्तीनंतर ती सुरू करायला शासनाची मंजुरी लागते, आणि चौकशी सुरू होण्याच्या चार वर्षांहून आधी घडलेल्या घटनेबद्दल ती सुरूच करता येत नाही. आता नमुन्यादाखल तारखा मांडू. खर्च २०१६ चा. लेखापरीक्षण २०१८ मध्ये. अहवाल पटलावर २०२० मध्ये. साक्ष २०२२ मध्ये. समितीने जबाबदारी निश्चित करा असं लिहिलं तोवर घटनेला सहा वर्षं झालेली असतात. अधिकारी दरम्यान निवृत्त झाला असेल तर विभाग नियम २७ दाखवून मोकळा होतो, आणि कायद्याने ते उत्तर बरोबरच असतं. म्हणून प्रत्येक टप्प्याची तारीख विचारणं हा माझ्या मते समितीपुढचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे: अर्धसमास पत्र कधी मिळालं, प्रारूप परिच्छेदाला उत्तर कधी दिलं, चौकशीचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस होता. विलंब नेमका कोणामुळे झाला हे एकदा नोंदीवर आलं की निदान त्याची तरी जबाबदारी कुणालातरी घ्यावी लागते.

समितीसमोर साक्ष देतात ते सचिव. आर्थिक समित्या मंत्र्याला साक्षीला बोलावत नाहीत. यामागे कारण आहे: धोरणाबद्दल मंत्री सभागृहाला जबाबदार, आणि समिती पाहते ती अंमलबजावणी. ही रेषा सार्वजनिक उपक्रम समितीच्या नियमांत तर स्पष्टच लिहिली आहे. उपक्रमाच्या व्यावसायिक कामांपेक्षा वेगळी अशी मोठी सरकारी धोरणं, रोजचं प्रशासन, आणि ज्यांसाठी कायद्याने वेगळी यंत्रणा ठेवली आहे असे विषय तिच्या कक्षेबाहेर.

या रेषेमुळे समिती दुबळी होते असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. प्रश्न नीट बांधला की रेषेच्या अलीकडूनही धोरणाचा खरा खर्च बाहेर काढता येतो. एसटीचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. सवलत द्यावी की नाही, हे धोरण. त्यावर निकाल देणं समितीचं काम नाही. पण सवलतीची रक्कम शासनाने महामंडळाला भरून द्यायची असते, आणि तिथून पुढचं सगळं तपासणीच्या कक्षेत येतं. तिकीट यंत्रातून निघालेल्या सवलतीच्या तिकिटांची संख्या आगारात कशी जुळवली जाते? महामंडळाने मागणी कोणत्या तारखेला पाठवली, विभागाने ती किती दिवसांत तपासली, किती कापली आणि कशामुळे? पैसे मिळेपर्यंत डिझेलची बिलं आणि भविष्य निर्वाह निधीचा हप्ता कुठून भागवला? अर्थसंकल्पात या सवलतीसाठी किती तरतूद होती आणि किती पुरवणी मागणीतून, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा तरतुदीतून, आली? यातल्या एकाही प्रश्नात धोरणाला हात लावलेला नाही. उत्तरं मात्र धोरणाचा भार नेमका कोण उचलतंय हे आकड्यांत सांगतात.

पुरवणी मागण्यांचा उल्लेख आला म्हणून विनियोजन लेख्यांविषयी, म्हणजे मंजूर पैसा आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडणाऱ्या हिशेबाविषयी, थोडं. सरकारी आर्थिक नियोजनाचा दर्जा इथे सर्वात लवकर कळतो, आणि हे लेखे वाचणं अवघड नाही. प्रत्येक लेखाशीर्षापुढे मूळ तरतूद, पुरवणी तरतूद, पुनर्विनियोजन (एका शीर्षाखालून दुसऱ्याकडे वळवलेली रक्कम) आणि प्रत्यक्ष खर्च असतो. समजा मूळ तरतूद १०० कोटी, डिसेंबरच्या अधिवेशनात पुरवणी २० कोटी आणि वर्षअखेरचा खर्च ९२ कोटी. म्हणजे मूळ पैसेही संपले नव्हते, मग पुरवणी कशाला मागितली? सचिवांचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की निविदा प्रक्रियेला वेळ लागला. तिथे लगेच विचारायचं: पुरवणीचा प्रस्ताव पाठवला त्या दिवशी निविदा कोणत्या टप्प्यावर होती? आणि शिल्लक रक्कम परत केव्हा केली? ३१ मार्चला समर्पित केलेला, म्हणजे परत केलेला, पैसा दुसऱ्या कोणत्याही खात्याच्या उपयोगाचा नसतो, तो फेब्रुवारीत सोडायला हवा होता. उलट बाजूने, मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तर केंद्रात कलम ११५ आणि राज्यात कलम २०५ प्रमाणे तो सभागृहाकडून नियमित करून घ्यावा लागतो. लोकलेखा समिती आधी तो तपासते. हे काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, तर सभागृहाच्या मंजुरीशिवाय खर्च करणं हाच शिरस्ता होऊन बसतो.

सरकारी कंपन्यांच्या बाबतीत मोठी अडचण हिशेबच नसणं ही आहे. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हायला हवी, आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३९५ प्रमाणे राज्याच्या कंपनीचा वार्षिक अहवाल त्यानंतर विधिमंडळापुढे यायला हवा. एका वर्षाचे लेखे अडले की पुढचे आपोआप अडतात, कारण यंदाची आरंभीची शिल्लक ही गेल्या वर्षाची अखेरची शिल्लक असते आणि ती मंजूर नसेल तर लेखापरीक्षक पुढे जात नाही. तोवर भागभांडवल, कर्ज, अनुदान मात्र अर्थसंकल्पातून जातच राहतं. अशा कंपनीवर साक्ष लावताना नफा-तोट्याबद्दल विचारून फारसं हाती लागत नाही. आधी लेखे पूर्ण करण्याचं वर्षवार वेळापत्रक लेखी घ्यावं, कोणत्या वर्षाची कोणती खातेवही सापडत नाही ते नोंदवून घ्यावं, आणि नवीन अनुदान त्या वेळापत्रकाशी जोडण्याची शिफारस करावी.

समितीची स्वतःची कमजोरीही मांडायला हवी. संसदेच्या या तिन्ही समित्यांची मुदत एका वर्षाची, ३० एप्रिलला संपणारी. टू-जी स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेसाठीच्या ध्वनिलहरी) वाटपाबाबत कॅगचा अहवाल नोव्हेंबर २०१० मध्ये आला, १.७६ लाख कोटी रुपयांच्या अनुमानित तोट्याचा आकडा देशभर गाजला, आणि मुरली मनोहर जोशींच्या अध्यक्षतेखालच्या लोकलेखा समितीचा मसुदा बैठकीत आला २८ एप्रिल २०११ ला, मुदत संपायला दोन दिवस असताना. सदस्य पक्षवार विभागले गेले आणि त्या मसुद्यावर समितीची एकमताची मोहोर उठलीच नाही. आर्थिक समित्यांच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येत नाही. विभागवार स्थायी समितीत ती सोय आहे. त्यामुळे एकमत झालं तरच अहवालाला वजन येतं, आणि ते घडवायला परिच्छेद-परिच्छेदावर बसावं लागतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.

उलट उदाहरणही आहे. बँकांच्या थकीत कर्जांवर अंदाज समितीने रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांच्याकडून लेखी टिपण मागवलं, ते सप्टेंबर २०१८ मध्ये आलं. कर्जं कोणत्या काळात दिली गेली, ती का बुडू लागली, बँकांनी ती ओळखायला उशीर का केला, हे त्यात क्रमाने लिहिलेलं होतं. तोंडी साक्षीत सदस्यांचा वेळ वाटला जातो, उत्तर तुटक येतं. लेखी टिपण संदर्भासाठी कायम राहतं.

संसदीय समित्यांचे अहवाल लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर मिळतात, कॅगचे कॅगच्या. कोणताही विषय घ्या, मूळ अहवालाचा क्रमांक टिपून ठेवा आणि त्यावरचा कार्यवाही अहवाल शोधा. मग चौथा अध्याय, त्यानंतर पाचवा. पाचव्यातल्या अंतरिम उत्तरांवर अंतिम उत्तर देणारं निवेदन पुढे सभागृहात ठेवायचं असतं. ते सापडलं नाही, तर शिफारस क्रमांकासह आपल्या खासदारांना पत्र लिहा.