मारबत ते महालक्ष्म्या

पक्षाघातानंतर येणाऱ्या झटक्यांचा, म्हणजे फिट्सचा, अभ्यास करताना सगळं सात दिवसांवर येऊन थांबतं. सात दिवसांच्या आत आला तो लवकरचा झटका. दुखावलेल्या मेंदूत क्षार आणि रसायनं विस्कटलेली असतात, ती सावरली की बहुतेकांचे झटकेही थांबतात. त्यानंतर आला तो उशिराचा. तोवर मेंदूत व्रण धरायला लागलेला असतो, आणि तो व्रण जात नाही. डेल हेसडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या रुग्णांवरून आकडे मांडले: पुढच्या १० वर्षांत अकारण, म्हणजे ताजं कारण नसताना, झटका येण्याची शक्यता लवकरच्यांत ३३ टक्के, उशिराच्यांत ७१.५. शक्यता ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर एकाच झटक्यावर अपस्मार म्हणायचं, असं आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेची २०१४ची व्याख्या सांगते. म्हणजे उशिराच्याला गोळ्या दीर्घकाळ, लवकरच्याला थोडे आठवडे.

नागपूरच्या इतवारीतल्या ६१ वर्षांच्या काकांच्या केसपेपरवर पक्षाघाताची तारीख होती २६ ऑगस्ट २०२५, पहिल्या झटक्याची १ सप्टेंबर. सहा दिवस, म्हणजे लवकरचा. ऑक्टोबरात ओपीडीत लेव्हेटिरासिटाम, ही झटके रोखणारी गोळी, कमी करत बंद करायला मीच लिहून दिलं. डिसेंबरच्या थंडीत काका घरापुढच्या शेकोटीशी बसले असताना दुसरा झटका आला आणि डावा हात, जो आधीच कमजोर होता, निखाऱ्यांत गेला.

अभ्यासाच्या पाठपुराव्यासाठी मी काकूंना फोन केला. आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न तारखेचा असतो. तारीख त्यांना सांगता येईना.

"तारीख नाही ध्यानात जी. मारबत पाहाले गेलते ना ते, नेहरू पुतळ्याजवळ. तिथंच हात लुळा पडला."

मी झटक्याचं विचारलं.

"महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. जाऊबाई डबा घेऊन आली दवाखान्यात, आंबील होती, अन् तेवढ्यात ह्यांचं तोंड वाकडं झालं, हात उडायला लागला."

मी कॅलेंडर काढलं. पोळा २२ ऑगस्टला, मारबतीची मिरवणूक दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे २३ ला. महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण १ सप्टेंबरला. नऊ दिवस.

२३ ते २६ हे मधले तीन दिवस काका एका लहान दवाखान्यात सलाइनवर होते. सीटी स्कॅन नाही. त्यांची चिठ्ठी आमच्या फाइलमध्ये आहे, घडी घालून मागच्या खिशात, आणि तिच्यावरची तारीख मला आजही वाचता येत नाही. भरतीच्या रात्री कोणीतरी भरतीची तारीखच आजाराची म्हणून लिहिली. त्या पोराला मी दोष देत नाही, कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता एकटा होता. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. रुग्ण साडेचार तासांच्या आत आला तर आम्ही मिनिटामिनिटाची चौकशी करतो, शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, जेवले कधी, बोलले कधी, कारण गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचं घड्याळ चालू असतं. ती वेळ टळलेली असली की कोणालाच नेमका दिवसही जाणून घ्यायचा नसतो. तो पुढे झटक्याच्या वेळी लागेल, हे तेव्हा कोणाच्या मनात येतं?

मेंदूला सात आणि आठ कळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. ती रेघ आपण सोयीसाठी ओढलेली आहे. सातव्या दिवशी संध्याकाळी सगळं निवतं आणि आठव्या सकाळी व्रण उगवतो, असं काही नसतं. त्यामुळे काकांच्या नवव्या दिवसाबद्दलही मी शंभर टक्के बोलू शकत नाही. पण ऑक्टोबरात माझ्यासमोर नऊ आकडा असता तर मी गोळी बंद केली नसती. एवढं मला पक्कं ठाऊक आहे, आणि रात्री झोपताना तेच आठवतं.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, नोंदीत दुरुस्ती कर, अभ्यासात असं होतंच. दुरुस्ती केली, काका दुसऱ्या रकान्यात गेले. बाकीच्या सगळ्या फाइलींतल्या घरी मी आता फोन लावते आहे आणि तारीख विचारतच नाही. कोणता सण होता, बाजार कोणत्या वारी होता, पाऊस होता का, असं विचारते.

काका परत लेव्हेटिरासिटामवर आहेत. हातावर त्वचा धरते आहे. गोळी का बंद केली होती, हे काकूंनी अजून विचारलेलं नाही. गुरुवारी त्या दोघांची ओपीडी आहे, तेव्हा मी स्वतःच सांगणार आहे.