तुम्ही विचारलंत म्हणून: हायलंडला आहे तरी काय?

लाँग वीकेंड आला की उत्तर व्हर्जिनियातली आमची मराठी मंडळी समुद्रावर जातात, नाही तर न्यूयॉर्कला. आम्ही निघतो हायलंड काउंटीला, म्हणजे व्हर्जिनियाच्याच पश्चिम सीमेवरच्या एका डोंगराळ जिल्ह्यात. मग ठरलेला प्रश्न येतो: तिथे पाहण्यासारखं काय आहे? खरं सांगू? फारसं काही नाही. मॅकडॉवेल गावाजवळ मे १८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातली एक लढाई झाली होती, तिची पाटी वाचायला पाच मिनिटं पुरतात.

तरी जातो, ते आधी रस्त्यासाठी. स्टॉन्टन शहर सोडलं की रूट २५० पश्चिमेला डोंगरात शिरतो. एक घाट चढायचा, उतरायचा, खाली नदी लागली की पलीकडे दुसरा घाट तयारच. शेनंडोआ माउंटन, मग बुलपाश्चर, मग जॅक माउंटन. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं. पेट्रोल स्टॉन्टनलाच भरून घ्यावं आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण पहिल्या घाटातच सिग्नल जातो. याला डोंगर आणि विरळ वस्ती ही कारणं आहेतच, पण हा सगळा पट्टा 'नॅशनल रेडिओ क्वाएट झोन'मध्येही येतो. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँकला प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून १९५८ पासून या भागातल्या रेडिओ प्रक्षेपणावर बंधनं आहेत. तेव्हा 'ऑफिसला सांगितलं, रेंज नव्हती' हे तिथे खोटं ठरत नाही.

काउंटी आकाराने मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याहून मोठी, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं २,२३२. व्हर्जिनियात सगळ्यात कमी. मॉन्टेरी हे मुख्य ठिकाण, तेही एका रस्त्यावर संपतं. बाकी कुरणं, मेंढ्या, गुरं. नद्यांची नावंसुद्धा गुराढोरांची: काउपाश्चर, बुलपाश्चर. आपण ज्याला शांतता म्हणून खूश होतो, तिचा हिशेब मात्र वेगळा आहे. १९०० च्या सुमारास इथे आजच्या दुपटीहून जास्त लोक राहत होते. डोंगरातली शेती करून भागेना, तरुण पोरं बाहेर पडली. कोकणातल्या कुलूपबंद घरांच्या ओळी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणून 'किती छान, कोणीच नाही' असं मी तिथल्या माणसांसमोर म्हणत नाही.

सगळ्यात आवडता काळ विचाराल, तर फेब्रुवारीची अखेर ते मार्च. रात्री पाणी गोठतं, दिवसा ऊन पडतं, आणि त्या चढउतारामुळे शुगर मेपलच्या खोडातून रस वाहायला लागतो. खोडाला भोक पाडून तोटी ठोकतात. काही ठिकाणी अजून बादल्या टांगलेल्या दिसतात, बाकी सगळीकडे झाडाझाडांतून प्लास्टिकच्या नळ्या ओढलेल्या. रस चाखलात तर फसवल्यासारखं वाटेल. जवळजवळ पाणीच, साखर जेमतेम दोन टक्के. चाळीसेक लिटर आटवला की एक लिटर सिरप पडतं. जिथे आटवतात त्या शेडला शुगर कँप म्हणतात, आणि आत पाऊल टाकलं की मला थेट गुऱ्हाळात आल्यासारखं वाटतं. खाली लाकडांचा जाळ, वाफेने दिसेनासं झालेलं छप्पर, फेस काढणारा एक जण आणि पाक कधी उतरवायचा यावर नजर ठेवून बसलेला म्हातारा. फरक इतकाच की हे लोक काकवीच्या टप्प्यावरच थांबतात. पुढे साखरेपर्यंत फार थोडे जातात. ऊन चढून रात्रीची थंडी संपली, झाडांना कळ्या फुटल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम उरकतो. तारीख झाड ठरवतं.

मार्चच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारी मेपल फेस्टिव्हल असतो, १९५८ पासूनचा. त्या चार दिवसांत मॉन्टेरीत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि मेपल डोनटसाठी रांग लागते. एकदा जाऊन या, डोनट रांगेच्या लायकीचे आहेत. कुट्टूच्या पिठाचे पॅनकेकही खा. शाकाहारी मंडळींची त्यावर सोय होते, एरवी जेवणात हॅम आणि ट्राउट यांचंच राज्य. शांतपणे बघायचं असेल तर मात्र फेस्टिव्हलच्या आधीच्या आठवड्यात, आधी फोन करून जा. गर्दी नसली की शेडमधला माणूस बोलायला लागतो.

मॉन्टेरीच्या पश्चिमेला हायटाउन म्हणून वस्ती आहे. तिथल्या एका कोठाराबद्दल सांगतात की छपराच्या एका उतारावरचं पाणी पोटोमॅकला मिळतं आणि दुसऱ्यावरचं जेम्स नदीला. कोठाराचं खरंखोटं तिथल्या लोकांना माहीत, पण पाणलोटाची रेघ तिथूनच जाते हे नक्की. पोटोमॅकचा दक्षिणेकडचा फाटा तिथे उगम पावतो, तुम्ही-आम्ही सहज उडी मारून ओलांडू असा. आमच्या उत्तर व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सच्या नळांना पाणी येतं ते बरंचसं याच नदीचं. पलीकडे वाहणारं पाणी रिचमंडवरून जातं. आमच्या मुलीला भूगोलाच्या पुस्तकातून पाणलोट क्षेत्र कळलं नव्हतं, ते या रस्त्याच्या कडेला उभं राहून कळलं.

ज्यांना मुलांसाठी राइड्स हव्यात, रात्री दहाला जेवण हवं, त्यांनी जाऊ नये, चिडचिड होईल. हिवाळ्यात बर्फाचा अंदाज असेल तर घाटाच्या वाटेला जाऊच नका. आणि येताना सिरप घ्याल ते शुगर कँपवरूनच घ्या. फिकट बाटली दिसायला सुंदर असते, पण हंगामाच्या शेवटच्या रसाची गडद बाटली मागा. तिला चव जास्त असते आणि घावनांबरोबर तीच चांगली लागते.