ट्रेलर मागे घेताना

शनिवार, रात्री

ठरलं. गाडीमागे जोडायचा आमचा कॅम्पिंगचा ट्रेलर मागे घ्यायला मीही शिकणार.

पुढे चालवायला मला कधीच अडचण आली नाही. जबलपूर रोडने मनसरपर्यंत आणि तिथून रामटेक-खिंडसीला मीच नेते. सामान नीट भरलं, म्हणजे एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के भार पुढे कपलरवर, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकावर, येईल असं ठेवलं, तर तो मुकाट मागे येतो. पण रिव्हर्स टाकायची वेळ आली की मी उतरते, नवरा स्टिअरिंगवर बसतो आणि मी मागे उभी राहून हात हलवते. तो काय करतो ते मला कळत नाही आणि मी काय हात करते ते त्याला कळत नाही. परवा त्याला ताप भरला होता आणि डोक्यात आलं, हा असाच पेंचजवळ कुठे आडवा झाला तर ट्रेलर वळवणार कोण?

आपल्याकडे मागे घेण्यावाचून सुटकाही नाही. एका बाजूने आत शिरावं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं अशी जागा मी अजून पाहिलेली नाही. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं, पण रिसॉर्टवाल्यांची फाटकं सफारीच्या जिप्सीच्या मापाचीच आहेत. आत गेलं की समोर भिंत, बाजूला मोहाचं झाड आणि "लावा ना मॅडम इथंच" म्हणणारा चौकीदार.

रविवार

बेसाच्या पुढच्या एका लेआउटमध्ये गेलो. नागपूरबाहेरच्या माणसाला लेआउट सांगून कळणार नाही. शेत मोजून प्लॉट पाडलेले, मुरमाचे रस्ते आखलेले, कोपऱ्याकोपऱ्याला सिमेंटचे दगड रोवलेले, फाटकाशी मोठी कमान आणि आत घर म्हणून एकही नाही. फक्त गवत. पैसे गुंतवणाऱ्यांचं काय होतं ते तेच जाणोत, शिकणाऱ्यांना मात्र अशी मोकळी जागा दुसरीकडे मिळायची नाही. एका प्लॉटचे चार दगड म्हणजे आमची कॅम्पची जागा, असं धरलं.

जोडायचं मला येतं. कपलर गाडीच्या मागच्या लोखंडी बॉलवर बसवून खटका लागला का पाहायचं, साखळ्या खालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्यायच्या, वायरचा प्लग लावायचा, पुढचं छोटं चाक वर घ्यायचं. रिव्हर्ससाठी आणखी एक काम असतं. आमच्या ट्रेलरचे ब्रेक त्याचा पुढचा दांडा दाबला गेला की आपोआप लागतात. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, दांडा दबतो, ब्रेक लागतात. मागे ढकलतानाही दांडा दबतोच. म्हणून कपलरजवळची खिट्टी आडवी करायची, आणि पुढे निघण्याआधी आठवणीने उचलायची.

रिव्हर्स टाकला आणि सेन्सर जो बोंबलायला लागला तो थांबेना. त्याच्या मते आपण ट्रेलरवर आदळतोय. कॅमेऱ्यात ट्रेलरचं पांढरं तोंड, बाकी काही नाही. दोन्ही बंद केले. उरले आरसे.

नवऱ्याचा सल्ला: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर, ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात ने. हे खरं आहे. पहिल्या तासाला उपयोगी पडतं आणि मग पुरत नाही, कारण वळवायला कधी सुरुवात करायची ते यात आहे, थांबायचं कधी ते नाही. पुढे जाताना हा ट्रेलर म्हणजे गरीब गाय आणि मागे जाताना मारकी म्हैस! एवढासा कोन झाला की तो स्वतःहून वाढतच जातो. पाहता पाहता ट्रेलर गाडीला काटकोनात. तिथून स्टिअरिंग कितीही फिरवा, काही होत नाही. पुढे ओढून सरळ करायचा, मगच पुन्हा मागे.

फिरायला आलेले काका लोक थांबले. नागपुरात गाडी मागे घेणाऱ्याला फुकट सल्ला न देता पुढे जाणं असभ्य समजतात. एक म्हणाले, "पूरा काटा, पूरा काटा," म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवा. दुसरे म्हणाले, "अजिबात काटू नका." तिसरे नवऱ्याला म्हणाले, "तुम्हीच घेऊन टाका ना." त्यांच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

सोमवार, ऑफिसातून आल्यावर

जेवणाच्या टेबलावर रिमोट आणि चष्म्याची डबी घेऊन बसले होते. रिमोट गाडी, डबी ट्रेलर. मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की गाडीचं बूड उजवीकडे जातं. बॉल बुडालाच असल्यामुळे तोही उजवीकडे जातो आणि ट्रेलरचं नाक सोबत नेतो. ट्रेलर फिरतो स्वतःच्या चाकांवर, म्हणून नाक उजवीकडे गेलं की शेपूट डावीकडे. म्हणजे स्टिअरिंग ट्रेलरला काही सांगतच नाही, ते बॉलला सांगतं. इथवर पटलं. पण मग गाडीने काय करायचं, ते डबीला सांगता येईना.

मुलगी म्हणाली, "आई, बातम्या लावायच्या आहेत, गाडी दे."

पुढचा रविवार, कळमेश्वरहून परत आल्यावर

दादाच्या वाडीवर संत्र्याच्या अंबिया बहाराची तोड चालू आहे. ट्रेलर घेऊनच गेलो, कारण मला तिथल्या सालदार काकांना भेटायचं होतं. त्यांना ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना मी लहानपणापासून पाहत आलेय, पण नीट पाहिलं ते आज.

संत्र्याच्या ओळी सहा-सहा मीटरवर असतात. कागदावर हे अंतर ऐसपैस वाटतं. पण दोन्हीकडून फांद्या पसरलेल्या, फळाने वाकलेल्या डहाळ्यांना बांबूचे टेकू लावलेले, जागोजागी कॅरेटच्या थप्प्या. या सगळ्यातून काका रिकामी ट्रॉली थेट ओळीच्या टोकापर्यंत मागे नेतात, म्हणजे भरल्यावर सरळ पुढे काढून कळमन्याच्या बाजाराच्या रस्त्याला लागता येतं. सीटवर अर्धं वळून बसायचं, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा मडगार्डवर. आणि हात जवळजवळ हलतच नाही. मी निरखून पाहत होते. चार बोटं इकडे, लगेच परत. मग थोडं काहीच नाही. मग दोन बोटं तिकडे. ट्रॅक्टर चालतो तो माणसाच्या चालीने, त्याहून जोरात नाही.

मी विचारलं, "काका, मला काहून जमत नाही?"

त्यांनी खर्रा पन्नीत घोटत माझं एकदा मागे घेणं पाहिलं. म्हणाले, "ताई, तुमी गाडीकडं पाहून राहिल्या. मांगं जाते कोन? ट्राली. मंग तिच्याकडं पाहा ना. तिले सांगा, थे वळेपर्यंत थांबा, आन मंग तिच्या मांगं जा."

"मागं जा म्हणजे?"

"सोडा तो ट्रेलर गाडीपासून."

आणि त्यांनी खरंच सोडायला लावला. खळ्याच्या सपाट जागेवर छोटं चाक खाली केलं, दांडा माझ्या हातात दिला, स्वतः एका कडेने हात लावला. रिकामा होता, त्यामुळे दोघांना ढकलता आला. ट्रेलरकडे तोंड करून मी दांडा उजवीकडे रेटला आणि शेपूट डावीकडे निघाली. हे मला टेबलावर कळलंच होतं. पण पुढची गोष्ट पायांनी केली. शेपूट हवी तिकडे वळल्यावर मी दांडा रेटणं आपोआप थांबवलं, चार पावलं कडेने चालून ट्रेलरच्या रेषेत आले आणि सरळ ढकलायला लागले. ट्रेलर त्या नव्या दिशेने मुकाट मागे गेला. मला कोणी सांगितलं नव्हतं कडेने चाला म्हणून.

काका म्हणाले, "हेच गाडीनं करा. पायाचं काम स्टेरिंगले द्या."

म्हणजे असं: उजवीकडे स्टिअरिंग, शेपूट डावीकडे निघाली. ती पुरेशी वळायच्या आतच स्टिअरिंग सोडून उलट, डावीकडे, म्हणजे गाडी फिरून तिच्या मागोमाग येते. मग दोघं एका रेषेत आले की सरळ. नवऱ्याच्या सल्ल्यात यातली पहिली पायरी होती, दुसरी नव्हती. तो ती करतो, पण आपण करतो हे त्याला माहीत नाही. (हे त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं." नव्हतं सांगितलं.)

दुसरी एक गोष्ट काकांमुळे कळली, जी मला उलटी वाटत होती. त्यांची ट्रॉली आमच्या ट्रेलरपेक्षा लांब, म्हणून अवघड असणार, असं मी धरून चालले होते. ती सोपी आहे. हुकापासून चाकांपर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितकी ट्रॉली उशिरा आणि सावकाश वळते, सावरायला वेळ मिळतो. आमचा ट्रेलर आखूड, लगेच फिरतो. शिवाय ट्रॅक्टरचा हुक मागच्या चाकांना लागून असतो आणि आमच्या गाडीचा बॉल मागच्या चाकांपासून चांगला हातभर मागे, बंपरच्याही बाहेर. स्टिअरिंग जरासं हललं तरी बॉल मोठा झोका घेतो. "तुमचं आमच्याहून कठीन आहे बाप्पा," असं काका म्हणाले तेव्हा मला भलताच मान मिळाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी पलीकडे उभी असलेली चारचाकी ट्रॉली दाखवली, जिची पुढची दोन चाकं दांड्यासोबत वळतात. तिथे वळायला दोन सांधे, म्हणजे हुकाशी एक आणि पुढच्या चाकांवर एक. ती मागे घेताना पाहायला पुढच्या वेळी बोलावलंय.

येताना दादाने दोन कॅरेट संत्री ट्रेलरमध्ये ठेवली. नेमकी मागच्या टोकाला. ती काढून पुढे घ्यायला लावली तर म्हणाला, "दोन कॅरेटनं काय होते?" वहिनी म्हणाली, "ऐका तिचं, ती आता ड्रायव्हर झाली."

बुधवार, सकाळी लवकर

एकटीच लेआउटमध्ये. थंडी मस्त. काका लोक अजून कानटोप्या शोधत असावेत, कोणी नव्हतं.

आज आरशांचा हिशेब लागला. ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागतो, स्टिअरिंग त्या आरशाकडे थोडं फिरवायचं की तो सरळ होतो. उजवं-डावं, खालचा हात, वरचा हात काही आठवावं लागत नाही. थोडं म्हणजे खरंच थोडं. आणि फिरवल्यावर एक श्वास थांबायचं, कारण ट्रेलर उत्तर उशिरा देतो. त्या मधल्या वेळात माझा हात आणखी फिरवायला शिवशिवतो. काकांची दोन बोटं डोळ्यांपुढे आणली की हात आवरतो.

चार दगडांत उजवीकडून शिरणं आता जमतं. खिडकीतून मान काढली की ट्रेलरची शेपूट दिसते, चाकं दिसतात, दगडही दिसतो. डावीकडून शिरायचं म्हटलं की काही दिसत नाही. वळण घेतल्याबरोबर डाव्या आरशात नुसती ट्रेलरची भिंत. तेव्हा कुठेही पोचलं की आधी उतरून पाहायचं, आणि जागा आपल्या उजव्या हाताला येईल अशा बाजूने गाडी आणायची, भले त्यासाठी लांबून फेरा पडो. नवऱ्याला हे कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही. उतरून पाहायला पैसे पडत नाहीत, आणि पुढे ओढून पुन्हा लावायलाही नाही.

क्लचचा वास मात्र येतो. उतार असला की अर्ध्या क्लचवर फार वेळ राहू नये, मध्ये थांबून गार होऊ द्यावं. मे महिन्यात हे शिकायला घेतलं नाही हे बरं.

शुक्रवार, रात्री

उद्या खिंडसी, आणि आत मी लावणार. त्यामुळे मागे उभं राहण्याचं काम नवऱ्याकडे, आणि त्यावरून आज वाटाघाटी झाल्या. त्याचं "उजवीकडे" म्हणजे कोणाचं उजवीकडे? तो माझ्याकडे तोंड करून उभा. मी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं की त्याचं उजवं ते माझं डावं, आरशात पाहिलं की दोघांचं उजवं एकच. शेवटी ट्रकवाल्यांचं घेतलं, ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. ते कुठूनही पाहिलं तरी बदलत नाही. तो जी बाजू म्हणेल तिकडे ट्रेलरची शेपूट जायला हवी. त्यासाठी स्टिअरिंग कुठे फिरवायचं ते माझं मी पाहीन, त्याने सांगायचं नाही. हे कलम त्याला सर्वांत जड गेलं.

त्याने माझ्या उजव्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं. आरशातून गेला की मी गाडी थांबवणार, मग तो कितीही ओरडो. "येऊ दे, येऊ दे" बंद, कारण ते म्हणताना माणूस ट्रेलरकडे न पाहता स्वतःच्या आवाजाकडे लक्ष देतो. अंधार असला तर ट्रेलरच्या पत्र्यावर थाप मारायची, एसटीच्या घंटीसारखी. एक थाप, थांब. दोन थापा, चल. आणि वर पाहायचं, फांद्या असतात.

शिट्टीचाही प्रस्ताव आला होता. फेटाळला.