सिस्टर, हडळ असते का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हसण्यावारी नेते. ठाण्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. विचारणारी बहुधा सासू. दिव्याची असो नाहीतर येऊरच्या पाड्यावरची, सुनेची उशी उचलली की खाली अडकित्ता निघतो, नाहीतर रुमालात गुंडाळलेली सुरी. लोखंड असलं की 'ती' जवळ येत नाही म्हणे.

हडळ मी पाहिलेली नाही, पण ती आली कुठून याचा अंदाज आहे. बाळंतपणात किंवा सुवेराच्या दहा दिवसांत बाई गेली की तिची हडळ होते: पुढून देखणी, मागून नुसता सांगाडा, पावलं उलटी. आता सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीला जंतूंमुळे येणारा ताप, बघा. तोही याच दिवसांत गाठतो. बाई सुखरूप सुटते, पेढे वाटून होतात आणि दोन-तीन दिवसांनी हुडहुडी भरून ताप, पोट फुगलेलं, तोंडाने असंबद्ध बडबड. जंतू ठाऊक नसताना लोकांनी याला 'बाहेरचं' म्हटलं तर नवल नाही. संताप येतो तो याचा, की मेली ती आणि वर भूतही तीच. सोडवणाऱ्या हातांना कुणी बोल लावला नाही.

शिकलेल्यांचं तरी काय वेगळं होतं? व्हिएन्नाच्या इस्पितळात सुईणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात कितीतरी जास्त बायका दगावत. मरणाऱ्या बाईच्या अखेरच्या संस्कारासाठी पाद्री घंटेच्या आवाजात तिथूनच जाई. त्या धास्तीनेच ताप येतो की काय, म्हणून सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने घंटाही बंद करून पाहिली. फरक शून्य! मग 1847 मध्ये त्याचा एक सहकारी शवविच्छेदनात बोटाला सुरी लागून मेला. लक्षणं हुबेहूब बाळंतिणींची. डॉक्टर प्रेतं चिरून तसेच बाळंतपणं करत होते. एप्रिलमध्ये 100 पैकी 18 जणी मरत होत्या, त्या क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर जूनमध्ये 2 वर आल्या. बड्या डॉक्टरांना मात्र आपल्याच हातांचा दोष काही पचला नाही.

सुरी मी काढून घेते, अडकित्ता राहू देते. सासूबाईंना म्हणते, "असू दे उशीखाली, पण बाळाला घ्यायच्या आधी साबणाने हात धुवा. आणि घरी गेल्यावर सुनेला ताप भरला, अंगावरून जातंय त्याला घाण वास यायला लागला, तर नारळ उतरवत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा करून घेऊन या."